मोजलेला हात आणि घडवलेले पात्र

कथा-कादंबरीतल्या माणसासाठी मराठीत आपण दोन शब्द जवळजवळ एकाच अर्थाने वापरतो : 'पात्र' आणि 'व्यक्तिरेखा'. 'पात्र' हा शब्द संस्कृत नाट्यपरंपरेतून आला. त्यात भांड्याचा, काहीतरी धारण करणाऱ्या वस्तूचा अर्थ आहे. 'व्यक्तिरेखा' हा शब्द चित्रकलेच्या बाजूचा. त्यात रेषेने माणूस उभा करण्याची कल्पना आहे. समीक्षेत हे दोन शब्द एकमेकांत इतके मिसळून गेले आहेत की त्यांतला फरक आपल्याला सहसा जाणवत नाही. अंकीय कलेच्या अभ्यासक्रमांत मात्र हा फरक आजही कामाची विभागणी म्हणून टिकून आहे. तेथे 'कॅरेक्टर डिझाइन' म्हणजे रेखाटनातून एखादी व्यक्ती कल्पिणे, आणि 'मॉडेलिंग' म्हणजे तिला संगणकात त्रिमित आकार देणे. पहिल्या कामात रेखा आहे, दुसऱ्यात पात्र. विद्यार्थी दोन्ही विषयांचे स्वाध्याय करतो, आणि दोन्हींची सांगड घालता घालता अनेकदा थकून जातो.

ही विभागणी कुणा अभ्यास मंडळाने एका बैठकीत ठरवलेली नाही. तिला सुमारे पन्नास वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची विशेष गोष्ट अशी की तो मोठ्या प्रमाणात विद्यार्थ्यांच्या वर्गप्रकल्पांतून घडला आहे. कादंबरीचा इतिहास लिहिताना आपण प्रसिद्ध ग्रंथांकडे पाहतो. संगणकीय पात्राचा इतिहास लिहायचा तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी परीक्षेसाठी, एखाद्या सत्राच्या शेवटी सादर केलेल्या कामांकडे पाहावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाने या इतिहासाकडे वळावे याला माझ्या मते एक सबळ कारण आहे. पात्राच्या अंतरंगाविषयी आपण पुष्कळ बोलतो. पण पात्र कोणत्या सामग्रीतून घडले आणि त्या सामग्रीने कोणती पात्रे शक्य केली, कोणती अशक्य केली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. येथे तो टाळताच येत नाही.

या इतिहासाचे पहिले ठिकाण म्हणजे अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथील युटा विद्यापीठ. १९६५ मध्ये डेव्हिड इव्हान्स यांना तेथे संगणकशास्त्राचा विभाग उभारण्यासाठी बोलावण्यात आले. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड त्यांना येऊन मिळाले. सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला होता. प्रकाशलेखणीने पडद्यावर थेट रेखाटन करता येईल अशी ती प्रणाली होती. अमेरिकी संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संस्थेचा निधी विभागाला मिळत होता, आणि त्या निधीच्या आधारावर तरुण विद्यार्थ्यांची एक पिढी तेथे जमली. पुढे 'अडोबी' कंपनी काढणारे जॉन वॉर्नॉक, 'सिलिकॉन ग्राफिक्स'चे जिम क्लार्क, वैयक्तिक संगणकाची कल्पना पुढे नेणारे ॲलन के हे सारे त्या काळी तेथे प्रबंध लिहीत होते.

या विद्यार्थ्यांपुढचा प्रश्न आज बाळबोध वाटेल असा होता. संगणकाला वक्र पृष्ठभाग कळत नाही. त्याला कळतात ते आकडे. अवकाशातल्या बिंदूची तीन मापे द्यायची, अशा बिंदूंना जोडून सपाट बहुभुज तयार करायचे, आणि बहुभुजांच्या जाळ्याने वस्तूचा पृष्ठभाग झाकायचा. मोटारीचा टप किंवा माणसाचा गाल असंख्य लहान सपाट तुकड्यांत मांडायचा. पण ही मापे आणायची कोठून? त्रिमित वस्तू आपोआप टिपणारे यंत्र हाताशी नव्हते. म्हणजे वस्तू समोर ठेवून माणसानेच ती मोजायची.

सदरलँड यांच्या वर्गाने १९७२ मध्ये मोजायला घेतली ती एक फोक्सवॅगन बीटल मोटार. ती त्यांच्या पत्नीची, मार्शा सदरलँड यांची होती. विद्यार्थ्यांनी गाडीच्या अंगावर रंगाने बिंदू आणि रेषा काढल्या, आणि उभे राहून, वाकून, हातांनी त्यांची मापे घेतली. त्या वेळची छायाचित्रे उपलब्ध आहेत. जमिनीच्या मोजणीला आलेल्या माणसांसारखी ही मुले गाडीभोवती उभी दिसतात. त्यांत बुई तुओंग फोंग हा व्हिएतनामी तरुणही होता. त्याच्याकडे आपण पुढे येणार आहोत.

याच विभागातला दुसरा विद्यार्थी एड कॅटमल. त्याला लहानपणापासून डिस्नेच्या चित्रपटांचे वेड होते आणि ॲनिमेटर व्हायचे होते. परंतु त्यासाठी लागणारे रेखाटन आपल्याला जमणार नाही असे वाटून तो भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्राकडे वळला. पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली या तपशिलात आहे. ज्याला रेखा साधत नव्हती त्याने मोजमापाचा मार्ग धरला. १९७२ मध्ये पदव्युत्तर वर्गातील एका प्रकल्पासाठी त्याने विषय निवडला तो स्वतःचा डावा हात.

त्याने हाताचा साचा घेतला आणि त्यातून प्लास्टरची प्रतिकृती काढली. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात साच्यातून निघालेली मूर्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही कृती सहज डोळ्यांपुढे आणता येईल. फरक एवढाच की येथे साच्यातून निघालेल्या वस्तूला रंग आणि डोळे मिळायचे नव्हते. तिच्यावर शाईने सुमारे ३५० त्रिकोण व बहुभुज काढण्यात आले. प्रत्येक कोपऱ्याची मापे घेऊन ती संगणकात भरण्यात आली. त्यानंतर हात वळवणे, बोटे मिटणे-उघडणे यांसाठी लागणारा प्रोग्राम कॅटमलने लिहिला. सहाध्यायी फ्रेड पार्क याच्याबरोबर त्याने जी फिल्म तयार केली ती 'अ कॉम्प्युटर ॲनिमेटेड हँड' या नावाने ओळखली जाते.

फिल्म जेमतेम एका मिनिटाची आहे. हात फिरतो, बोटे मिटतात, उघडतात, एक बोट प्रेक्षकाकडे रोखले जाते. शेवटी दृष्टिकोन मनगटाच्या बाजूने हाताच्या आत शिरतो आणि आपण आतून बोटांच्या पोकळ्या पाहतो. या शेवटच्या दृश्यावर थोडे थांबायला हवे. हातात रक्त नाही, हाड नाही. आहे तो केवळ पृष्ठभाग, आणि आत रिकामी जागा. कॅटमलला बहुधा तंत्राची शक्यता दाखवायची असावी. पण साहित्याच्या वाचकाला त्यात एक अनपेक्षित कबुली दिसते. हे पात्र आहे, पण त्याने अजून काहीही धारण केलेले नाही. हा हात कुणाचा, तो बोट कुणाकडे आणि का रोखतो, या प्रश्नांना फिल्ममध्ये जागाच नाही.

याच काळात पार्क चेहऱ्याच्या मागे लागला होता. जिवंत चेहऱ्यावर बहुभुजांचे जाळे रंगवून त्याने वेगवेगळ्या मुद्रांची छायाचित्रे घेतली, त्यांवरून बिंदूंची मापे काढली, आणि एका मुद्रेतून दुसरीत जाताना मधल्या अवस्था संगणकाकडून गणिताने भरून घेतल्या. चेहरा ओठ हलवतो, हसतो, आश्चर्य दाखवतो. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या प्रबंधात मात्र त्याने वेगळी वाट धरली. प्रत्येक मुद्रा स्वतंत्र मोजण्याऐवजी त्याने चेहरा हा बदलत्या घटकांचा संच मानला आणि त्या घटकांचे दोन गट पाडले. पहिल्या गटात चेहऱ्याची ठेवण : नाकाची लांबी, जबड्याची रुंदी, डोळ्यांतील अंतर. या घटकांमुळे एक माणूस दुसऱ्याहून वेगळा दिसतो. दुसऱ्या गटात भाव : भुवयांची उंची, पापण्यांची उघडझाप, जबड्याचे फिरणे. यांच्यामुळे एकच माणूस या क्षणी एक आणि पुढच्या क्षणी वेगळा दिसतो.

भरताच्या नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे स्थायी आणि व्यभिचारी भावांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तुलना फार ताणू नये. भरताचा स्थायी भाव हा चित्ताचा धर्म आहे. पार्कचा पहिला गट हाडामांसाच्या मापांचा आहे. तथापि जे टिकते आणि जे येते-जाते त्यांचा वेगळा हिशेब ठेवल्याशिवाय अभिनय मांडता येत नाही, ही गरज दोघांनाही भासली, हे लक्षणीय आहे. भेद असा की भरताने आठ स्थायी आणि तेहतीस व्यभिचारी भावांची गणना रंगमंचावरील नट आणि समोरचा सहृदय यांच्या नात्यात केली. पार्कच्या मांडणीत सहृदय नाही. भुवई किती वर गेली हे तेथे सांगता येते. ती कशाने गेली, हे सांगण्याची सोय नाही.

हात आणि चेहरा या दोन्ही प्रकल्पांना १९७६ मध्ये अनपेक्षित प्रेक्षक मिळाला. 'फ्यूचरवर्ल्ड' या हॉलिवूडच्या चित्रपटात ते एका पडद्यावर दाखवण्यात आले. हा चित्रपट माणसांच्या हुबेहूब प्रती बनवण्याविषयीचा. वर्गातला स्वाध्याय अशा रीतीने भयकथेची सजावट झाला. हात आता 'कुणाचा तरी' झाला होता, पण ते चित्रपटाच्या कथेमुळे. हाताच्या स्वतःच्या गुणाने नव्हे.

आता सामग्रीचा प्रश्न. बहुभुजांनी बनलेली वस्तू पैलू पाडलेल्या दगडासारखी दिसते. ही टोके मवाळ कशी करायची याचा एक मार्ग आंरी गुरो या फ्रेंच विद्यार्थ्याने १९७१ च्या प्रबंधात दाखवला. बहुभुजाच्या कोपऱ्यांवरचा प्रकाश मोजून मधल्या भागात तो हळूहळू मिसळत न्यायचा. त्याने नमुना म्हणून घेतला तो पत्नी सिल्वी हिचा चेहरा. बुई तुओंग फोंगने १९७३ मध्ये त्यापुढची पायरी गाठली. वस्तूवर प्रकाशाचा जो चकाकता ठिपका पडतो त्याचे गणित त्याने मांडले. फोंगची रीत सोपी होती आणि परिणाम सुंदर होता. मात्र तिच्यामुळे वस्तू प्लास्टिकची वाटू लागे. बिलियर्डचा चेंडू किंवा प्लास्टिकचा पेला त्या रीतीने अगदी खरा दिसे. माणसाचा गाल त्याच रीतीने दुकानातल्या पुतळ्याचा गाल होई. १९७५ मध्ये, वयाच्या ऐन तिशीत, फोंगचे निधन झाले. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ही रीत 'फोंग' या नावाने शिकवली जाते. व्हिएतनामी प्रथेप्रमाणे त्याचे कुलनाम 'बुई' होते, ही गोष्ट ते नाव उच्चारणाऱ्या कित्येकांच्या गावीही नसते.

त्या चकाकीचा परिणाम पुढची वीस वर्षे जाणवत राहिला. १९८८ मध्ये पिक्सार कंपनीच्या 'टिन टॉय' या लघुपटात एक खेळणे आणि एक तान्हे बाळ आहे. खेळणे पाहताक्षणी पटते. बाळ पाहून प्रेक्षक अस्वस्थ होतो. १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' हा पूर्णतः संगणकावर निर्माण झालेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट आला तेव्हा त्याचे नायक खेळणी असावेत यामागे कथेइतकेच पृष्ठभागाचेही कारण होते. प्लास्टिक दाखवता येत होते, त्वचा दाखवता येत नव्हती. कोणत्या माध्यमात कोणती पात्रे नायक होतात हे काही अंशी त्या माध्यमाची सामग्री ठरवते. पोवाड्यात वीर आणि लावणीत शृंगारनायिका मध्यभागी का येतात याचा विचार आपण रचनाप्रकाराच्या अंगाने करतोच. येथे तोच नियम प्रकाशाच्या एका समीकरणात दिसतो.

युटातील आणखी एका वस्तूचा उल्लेख टाळता येत नाही. १९७५ च्या सुमारास मार्टिन न्यूएल याला आपल्या प्रयोगासाठी एखादी साधी, पण अगदीच साधी नसलेली वस्तू हवी होती. चहा घेता घेता पत्नी सँड्रा हिने सुचवले की समोरची चहाची किटलीच का घेत नाहीस? न्यूएलने आलेखाच्या कागदावर तिची बाह्यरेषा काढली आणि तिची मापे संगणकात घातली. मूळ मापांत किटलीला तळच नव्हता. न्यूएलने ही मापे इतरांना खुली दिली, आणि ही किटली संशोधकांची सामाईक वस्तू बनली. नवी रीत शोधली की ती प्रथम किटलीवर करून पाहायची, असा रिवाजच पडला. आजही 'थ्रीडीएस मॅक्स' या प्रणालीत घन, गोल, शंकू यांच्या पंक्तीत किटली तयार मिळते. पुण्यातला किंवा कोल्हापुरातला विद्यार्थी पहिल्या तासाला एक कळ दाबून पडद्यावर जी किटली आणतो ती सॉल्ट लेक सिटीतल्या एका घरातली आहे. मूळ किटली आता कॅलिफोर्नियातील संगणक-इतिहास संग्रहालयात ठेवली आहे.

पत्नीची मोटार, पत्नीचा चेहरा, पत्नीने सुचवलेली किटली, स्वतःचा हात : या यादीत एक सूत्र दिसते. ज्या विद्येने पुढे कल्पित जगे उभी केली तिने आरंभीची सामग्री घरातून उचलली. त्यात काही वावगे नाही. कथाकारही तेच करतो. परंतु श्रेयाची वाटणी पाहण्यासारखी आहे. गुरो, फोंग, न्यूएल ही नावे रीतींना आणि वस्तूंना चिकटली. मार्शा, सिल्वी, सँड्रा ही नावे किश्श्यांत उरली. ज्याने मोजले तो कर्ता झाला, आणि जिचे मोजले ती नमुना झाली. व्यक्तिचित्रे आणि आत्मचरित्रे वाचताना 'ज्यांच्यावर लिहिले त्यांचे काय?' हा प्रश्न आपण विचारायला शिकलो आहोत. मोजलेल्या शरीरांबाबत तो तितकाच खरा आहे.

युटातील विद्यार्थ्यांनी पात्र घडवले, पण व्यक्तिरेखा त्यांच्या हाती लागली नव्हती. ती आली दुसऱ्या एका वर्गातून. कॅलिफोर्नियातील 'कॅलआर्ट्स' या कलासंस्थेत १९७५ मध्ये कॅरेक्टर ॲनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला. डिस्नेच्या जुन्या पिढीतील कलावंत तेथे शिकवीत. पहिल्या विद्यार्थ्यांत जॉन लॅसेटर होता. १९७९ मध्ये त्याने विद्यार्थी म्हणून 'लेडी अँड द लॅम्प' हा दिव्यांच्या दुकानावरचा हाताने रेखाटलेला लघुपट केला, आणि विद्यार्थ्यांसाठीचा अकादमी पुरस्कार मिळवला. या वर्गात संगणक नव्हता. कागद, पेन्सिल आणि हालचालीचे बारकावे होते. वजन कसे दाखवायचे, उडी मारण्यापूर्वी शरीर कसे आकसते, विचार आधी आणि हालचाल नंतर हे प्रेक्षकाला कसे कळवायचे, याचे शिक्षण होते.

युटातून बाहेर पडलेला कॅटमल न्यूयॉर्कमार्गे १९७९ मध्ये लुकासफिल्म या चित्रपटसंस्थेत आला होता. १९८४ मध्ये लॅसेटर त्याच्या गटात दाखल झाला, आणि १९८६ मध्ये त्याच गटातून पिक्सार ही स्वतंत्र कंपनी निघाली. त्या वर्षीचा 'लक्सो ज्युनिअर' हा लघुपट म्हणजे दोन वर्गांची खरी भेट होय. लॅसेटरने आपल्या टेबलावरचा दिवाच मोजून संगणकात घातला. पण मोठ्या दिव्यावरून छोटा दिवा करताना त्याने सगळी मापे एकाच प्रमाणात कमी केली नाहीत. झाकण लहान केले, पण बल्ब तेवढाच ठेवला. दांड्या आणि स्प्रिंग आखूड केल्या, पण त्यांची जाडी बदलली नाही. परिणामी छोटा दिवा मोठ्याची लहान प्रत न वाटता मूल वाटू लागला. लॅसेटरने १९८७ च्या एका निबंधात ही रचना स्वतःच समजावून सांगितली आहे. मोजमाप आणि व्यक्तिरेखा यांच्यातला फरक यापेक्षा थोडक्यात दाखवता येणार नाही. मापे तीच होती. त्यांच्यातले प्रमाण हेतुपुरस्सर मोडले गेले, आणि त्या मोडण्यातून वय, स्वभाव, नाते जन्माला आले. दिव्याला ना डोळे ना तोंड. कळसूत्री बाहुलीचा चेहरा जसा स्थिर असतो आणि सगळा अभिनय मानेच्या कलण्यात उतरतो, तसेच येथे घडते.

हा लघुपट डॅलसच्या संगणक-चित्रण परिषदेत दाखवला गेला तेव्हाचा एक प्रसंग लॅसेटरने अनेकदा सांगितला आहे. खेळ संपल्यावर युटाचाच माजी विद्यार्थी जिम ब्लिन त्याच्याकडे आला. आता सावल्यांच्या गणितावर प्रश्न येणार म्हणून लॅसेटर धास्तावला. ब्लिनने विचारले ते एवढेच, की मोठा दिवा आई आहे की वडील? पृष्ठभागांच्या गणितात हयात घालवलेल्या माणसाला तो प्रश्न पडला, यात त्या चौदा वर्षांच्या प्रवासाचे सार आहे. १९७२ च्या हाताविषयी असा प्रश्न कुणी विचारू शकत नव्हते.

प्रवास तेथे संपला नाही. कॅटमल आणि क्लार्क या युटाच्या दोन विद्यार्थ्यांनी १९७८ मध्ये वक्र पृष्ठभाग टप्प्याटप्प्याने मवाळ करत जाण्याची एक रीत प्रसिद्ध केली होती. पात्रनिर्मितीत तिचा ठळक उपयोग झाला तो १९९७ च्या 'गेरीज गेम' या लघुपटात. बागेत बसून स्वतःशीच बुद्धिबळ खेळणाऱ्या एका म्हाताऱ्याची ही गोष्ट. त्याचे डोके, अंगावरचा कोट आणि हात या रीतीने घडवले आहेत. सोंगटी उचलताना ती बोटे घुटमळतात, फसवताना चपळ होतात. प्लास्टरच्या साच्यातल्या त्या पोकळ हाताला पंचवीस वर्षांनी कारण मिळाले, वय मिळाले, थोडी लबाडीही मिळाली. या लघुपटाला ऑस्कर मिळाले. कॅटमलला पॅट हॅनरहन यांच्यासह २०१९ चे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

येथवरची कथा विजयाची वाटेल. ती तशीच सोडणे इष्ट नाही. २००१ च्या सुमारास त्वचेत शिरून आत विखुरणाऱ्या प्रकाशाचे गणित वापरण्याजोगे झाले, आणि संगणकीय माणूस प्लास्टिकचा दिसेनासा झाला. येल विद्यापीठातील संशोधक थिओडोर किम यांनी २०२० मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये यावर एक टोकदार आक्षेप नोंदवला. त्यांचे म्हणणे असे की 'मानवी त्वचा' म्हणून ज्या अर्धपारदर्शकतेचा या विद्येने ध्यास घेतला ती प्रामुख्याने गोऱ्या त्वचेची खूण आहे. 'मानवी केस' म्हणून जे गणित मांडले गेले ते सरळ केसांचे आहे. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर प्रकाश मुख्यतः चकाकीने बोलतो, कुरळ्या केसांची रचना निराळी असते. पण हे सारे 'विशेष प्रकार' म्हणून बाजूला राहिले. किम यांनी स्वतः चित्रपटांसाठी तंत्र घडवले आहे, म्हणून त्यांच्या आक्षेपाला आतल्या माणसाच्या साक्षीचे वजन आहे. युटातल्या मुलांनी घरात जे होते ते मोजले. दोष त्या मोजण्याचा नाही. एका घरातले माप पुढे सर्वांचे माप मानले गेले, ही अडचण आहे. प्रमाणभाषेचा वाद ज्यांनी जवळून पाहिला आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही. एका प्रदेशाची, एका वर्गाची बोली 'शुद्ध' ठरते आणि बाकीच्या 'बोली' होतात, तसेच येथे एक त्वचा 'त्वचा' ठरली.

म्हणून आज आपल्याकडचा विद्यार्थी जेव्हा स्वाध्याय म्हणून एखादी मालवणची कोळीण किंवा विदर्भातला शेतमजूर संगणकात उभा करू पाहतो, तेव्हा त्याच्यापुढे तयार असते ते दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्यावरून, दुसऱ्याच त्वचेवरून घेतलेले माप. रंगाचा घटक बदलून तो त्वचा सावळी करू शकतो. पण आतले प्रकाशाचे गणित, गालाच्या हाडाची ठेवण, लुगड्याच्या ओच्याचा भार हे रंग बदलून येत नाही. ते पाहावे लागते, मोजावे लागते, आणि मग लॅसेटरने दिव्याचे केले तसे जाणूनबुजून मोडावे लागते. अशा स्वाध्यायाचे परीक्षण करताना 'प्रणाली किती सफाईने वापरली' यापेक्षा दोन प्रश्न मला अधिक महत्त्वाचे वाटतात : हे माप कोठून आले, आणि या पात्राला काय हवे आहे? पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा साहित्याचा. साहित्याच्या शिक्षकाला दोन्ही विचारता येतात, आणि म्हणूनच अशा अभ्यासक्रमांत त्याला स्थान असले पाहिजे.

यासाठी एक पूर्वअट आहे, आणि तिच्याबाबत आपण उदासीन आहोत. कॅटमल-पार्कच्या त्या कामाची फिल्म त्यांच्या एका सहाध्यायाच्या घरी जपून राहिली होती. २०११ मध्ये त्याच्या मुलाने ती सर्वांसाठी खुली केली. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने या प्रकल्पाची राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत नोंद केली. एका मिनिटाचा वर्गप्रकल्प अशा रीतीने राष्ट्रीय ठेवा ठरला. आपल्याकडे प्रकल्पांच्या फायली परीक्षा आटोपल्यावर कपाटात जातात आणि कपाट भरले की रद्दीत. अंकीय कामांची गत त्याहून वाईट असते. प्रणालीची आवृत्ती बदलली की फाइल उघडतही नाही. त्यांत उद्याच्या इतिहासाचा एखादा हात असेल, तर त्याचे प्लास्टर केव्हाच फुटून गेले असेल. निदान प्रत्येक वर्षाच्या चार-दोन कामांची, त्यांच्या कच्च्या रेखाटनांसह आणि नमुना म्हणून बसलेल्या माणसाने संमती दिली तर त्याच्याही नावासह, नोंद ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला जमण्यासारखे आहे.